लिंकनचे खापरपणजोबा आणि जर्सीतील तीनशे एकर

आपल्याकडे कोणत्याही घराण्याची गोष्ट निघाली, की ती लढाईपासून किंवा दरबारापासून सुरू होते. अमुक पूर्वज पेशव्यांच्या पदरी होते, तमुक पूर्वजांना वतन मिळाले होते. ऐकणाऱ्याने पुरावा विचारला, की सांगणारा थोडा चाचरतो आणि शेवटी म्हणतो, "आमची जमीन अजून तिथे आहे, उतारा काढून बघा." या शेवटच्या वाक्यात फार मोठे शहाणपण आहे. माणूस मरतो, त्याच्या कथा बदलत जातात. पण जमीन जागची हलत नाही आणि तिच्यावर कर घेणारे सरकार, ते कोणतेही असो, तिचा हिशेब ठेवल्याशिवाय राहत नाही.

वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवतात की प्रत्येक नोंदीमागे एक प्रमाणपत्र, म्हणजे व्हाउचर, असले पाहिजे. वंशावळीलाही हाच नियम लावता येतो. बाप आणि मुलगा यांच्यामध्ये जी रेघ आपण ओढतो, ती एक नोंदच आहे. तिला व्हाउचर कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची उत्तम पद्धत अमेरिकेत विकसित झाली. ती समजून घेण्यासाठी अब्राहम लिंकन यांच्याच घराण्याचे उदाहरण घेऊ.

ज्या माणसाचे नाव जगभर शाळेच्या पुस्तकांत आहे, त्याला स्वतःच्या पणजोबांपलीकडचे काही निश्चित ठाऊक नव्हते. १८५९ साली लिंकन यांनी स्वतःची जी छोटी हकीकत लिहून दिली, तीत ते एवढेच सांगतात, की आजोबा अब्राहम लिंकन हे व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत आले आणि तेथे इंडियनांकडून मारले गेले; त्यांच्या आधीची पिढी पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीतून आली होती. मॅसॅच्युसेट्समधील लिंकन घराण्याशी आपले नाते जोडण्याचा प्रयत्न झाला, पण दोन्हीकडे सारखी नावे आढळतात यापलीकडे काही हाती लागले नाही, असेही त्यांनी नमूद केले आहे. १८६५ साली त्यांचा खून झाला, तेव्हाही ही साखळी तुटलेलीच होती. ती पुढे जोडली गेली, आणि ती जोडणाऱ्या कागदांत जमिनीच्या दस्तऐवजांचे स्थान फार मोठे आहे.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. जन्ममृत्यूच्या नोंदी किंवा जनगणना यांवरून हे काम का होत नाही? कारण अठराव्या शतकातील सरहद्दीवरच्या वसाहतींत जन्ममृत्यूची सरकारी नोंद नव्हती. संयुक्त संस्थानांची पहिली जनगणना १७९० साली झाली. पण तीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांची डोकी मोजलेली असत. घरातील प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिण्याची पद्धत १८५० च्या जनगणनेपासून सुरू झाली. त्यातही व्हर्जिनिया आणि केंटकीची १७९० ची जनगणनेची पत्रके नष्ट झाली. संशोधक त्यांच्याऐवजी त्या काळच्या कर-याद्याच वापरतात. रानात लाकडी झोपडी बांधून राहणारा माणूस चर्चमध्ये गेला नसेल, शाळेत गेला नसेल, त्याने पत्र लिहिले नसेल. पण त्याने जमीन धरली असेल आणि कर वसूल करणारा त्याच्या दारी येऊन गेला असेल. म्हणून त्याला शोधायचे, तर याच दोन दप्तरांत.

आता ही दप्तरे कशी असत ते पाहू. व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे (केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता) सरकारी जमीन मिळवण्याच्या चार पायऱ्या होत्या. पहिली, पैसे भरून वॉरंट घेणे. म्हणजे इतके एकर जमीन निवडण्याचा हक्क. दुसरी, कोणती जमीन हवी त्याची नोंद करणे. तिसरी, मोजणी. चौथी, सरकारची सनद. चारही पायऱ्यांवर कागद तयार होई आणि प्रत्येक कागदावर तारीख व नावे असत. सनद मिळाल्यानंतर पुढची खरेदी-विक्री काउंटीच्या न्यायालयातील खतांच्या वहीत उतरवली जाई. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा विभाग समजावा.

मोजणीची भाषा मोठी मजेदार आहे. "बीचच्या झाडापासून वायव्येस इतके पोल, तेथून ओढ्याच्या काठाने अमक्याच्या बांधापर्यंत", अशी ती असते. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. चार पोलांची एक साखळी, म्हणजे सहासष्ट फूट. आणि १६० चौरस पोलांचा एक एकर. आपल्या वाचकांना हे माप परके वाटण्याचे कारण नाही. आपला गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद अशी जागा. तेहतीस फूट म्हणजे बरोबर दोन पोल. म्हणून एका गुंठ्यात चार चौरस पोल बसतात आणि चाळीस गुंठ्यांचा तोच एकर होतो. इंग्रजांनी जे माप तिकडे नेले, त्याच मापाने पुढे मुंबई इलाख्यातील शेतेही मोजली गेली.

कर-यादीचा उपयोग वेगळा आहे. खत दहा-वीस वर्षांतून एकदा होते. कराची यादी दरवर्षी होते. व्हर्जिनियात १७८२ पासून जमिनीच्या आणि जंगम मालमत्तेच्या अशा दोन याद्या दरसाल होऊ लागल्या. केंटकीच्या याद्यांत माणसाचे नाव, एकर, जमीन कोणत्या ओढ्यावर आहे, एकवीस वर्षांवरील पुरुष किती, घोडे किती, आणि ती जमीन मुळात कोणाच्या नावे नोंदली, मोजली व सनदेने दिली गेली, असे रकाने असत. एकच वर्ष पाहिले तर ही यादी मुकी वाटते. पण ओळीने वीस वर्षे वाचली, तर ती बोलू लागते. एखादे नाव प्रथमच आले, तर मुलगा वयात आला किंवा कोणी नवा राहायला आला. नाव नाहीसे होऊन त्याच एकरांपुढे बाईचे नाव आले, तर ती बहुधा विधवा. पुढे तेच एकर तीन नावांत वाटले गेले, तर ती बहुधा भावंडे. ताळेबंद एका दिवसाची स्थिती दाखवतो आणि रोजकीर्द चालता व्यवहार दाखवते. खत आणि कर-यादी यांचे नातेही तसेच आहे.

आता लिंकन घराण्याकडे वळू. नियम असा, की नेहमी जवळच्या पिढीकडून दूरच्या पिढीकडे जायचे. थोर पूर्वज आधी ठरवून त्याच्यापासून खाली उतरू लागले, की मधली माणसे आपण आपल्या सोयीने निवडतो.

राष्ट्राध्यक्षांचे वडील थॉमस लिंकन. १८०३ साली त्याने केंटकीतील हार्डिन काउंटीत मिल क्रीकवर २३८ एकर जमीन ११८ पौंडांना घेतली. १८१४ साली विकताना खतात मात्र २०० एकरच राहिले आणि हाती १०० पौंड आले. अडतीस एकर सदोष मोजणीत गेले होते. झाडे आणि ओढे यांच्या खुणांनी आखलेल्या जमिनींचा हा मोठा दोष. झाड पडते, ओढा वळण बदलतो, आणि एकाच जागेवर तीन-तीन सनदा निघतात. पुढे नॉब क्रीकवरच्या शेतावरही दुसऱ्या दावेदारांनी खटला भरला. १८१६ च्या अखेरीस थॉमस केंटकी सोडून इंडियानात गेला. या स्थलांतराला काही अंशी गुलामगिरी कारण होती, पण मुख्य कारण जमिनीच्या हक्कांची अनिश्चितता हे होते, असे खुद्द लिंकन यांनीच सांगितले आहे.

इंडियानात जमीन केंद्र सरकारने आधी चौकोनांत मोजून मगच विकायला काढली होती. १७८५ च्या कायद्याने सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशी टाउनशिप, तिचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा आणि त्याचा चतुर्थांश १६० एकरांचा, अशी व्यवस्था झाली. थॉमसने १८१७ साली व्हिन्सेन्स येथील जमीन कचेरीत चतुर्थांश भागासाठी अर्ज केला. भाव एकराला दोन डॉलर. म्हणजे एकूण ३२० डॉलर. पहिला हप्ता चौथाईचा, म्हणजे ८० डॉलर. तो त्याने ऑक्टोबरमध्ये १६ आणि डिसेंबरमध्ये ६४ डॉलर असा दोनदा भरला. उरलेली रक्कम त्याला पेलली नाही. १८२७ साली निम्मी जमीन सोडून देऊन उरलेल्या ८० एकरांचा हिशेब त्याने पुरा केला आणि सनद मिळवली. भावी राष्ट्राध्यक्षाचे बालपण किती ओढाताणीत गेले, हे या चार आकड्यांतून जितके कळते, तितके मोठ्या वर्णनातूनही कळणार नाही.

आता आजोबा. १७८० च्या फेब्रुवारीत त्यांनी व्हर्जिनियातील २५० एकर ५,००० पौंडांना विकले आणि त्याच वर्षी केंटकीतील ४०० एकरांचे वॉरंट १६० पौंडांना घेतले. म्हणजे विकताना एकराला २० पौंड आणि घेताना एकराला ८ शिलिंग! भाबडा वाचक म्हणेल, केवढा हा नफा! पण ते दिवस स्वातंत्र्ययुद्धातील कागदी चलनाचे होते आणि त्या चलनाची किंमत झपाट्याने घसरत होती. १६० पौंड हा कायद्याने ठरवलेला दर होता, शंभर एकरांना ४० पौंड; तर ५,००० पौंड हा फुगलेल्या चलनातला बाजारभाव होता. जुन्या खतातील रक्कम वाचताना तिचे चलन आणि तिचे वर्ष विचारल्याशिवाय पूर्वजांना श्रीमंत किंवा गरीब ठरवू नये.

१७८५ च्या मे महिन्यात लाँग रन या ओढ्यावरील त्या चारशे एकरांची मोजणी झाली. तिच्या कागदावर नाव आहे "अब्राहम लिंकहॉर्न". नवा शोधक येथेच थबकतो. हा दुसराच कोणी असावा असे त्याला वाटते. पण त्याच कागदात साखळी धरणारे म्हणून हनानाया लिंकन आणि जोसाया लिंकन अशी नावे आहेत. मोजणीदाराने जसे ऐकले तसे लिहिले, एवढाच अर्थ. यावरून दोन नियम निघतात. एक, नावाच्या स्पेलिंगवर भरवसा ठेवू नये. दुसरा, कागदावरच्या किरकोळ माणसांची नावे आधी वाचावीत. साखळी धरणारे, साक्षीदार, शेजारच्या बांधाचे मालक हे बहुतेक वेळा भाऊ, मेहुणे किंवा व्याही निघतात. त्या घराण्यात अब्राहम, मॉर्डेकाय आणि थॉमस ही नावे पुन्हापुन्हा येतात. केंटकीत खुद्द आजोबांचा एक भाऊही थॉमस लिंकनच होता. दोन थॉमसांत फरक करायचा तो कोणाची जमीन कोणत्या ओढ्यावर, यावरूनच.

पुढच्याच वर्षी, १७८६ च्या मे महिन्यात, आजोबा शेतात मारले गेले. तेव्हा थॉमस आठ वर्षांचा होता. बापाच्या नावे जमीन असूनही थॉमस कफल्लक का राहिला, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. थोरल्या मुलालाच सर्व स्थावर मिळण्याची जुनी रीत व्हर्जिनियाने १७८५ च्या कायद्याने रद्द केली, पण तो कायदा अमलात आला १ जानेवारी १७८७ रोजी. वडील सुमारे सात महिने आधी गेले आणि सारी जमीन थोरल्या मॉर्डेकायकडे गेली. येथे खतही न झालेला एक व्यवहार नाते सिद्ध करतो: विक्री नाही, मृत्युपत्र नाही, तरी जमीन ज्याच्या नावे झाली तो थोरला मुलगा असला पाहिजे.

आजोबांचे वडील जॉन लिंकन. हे १७६८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीक येथे आले आणि १७७३ साली त्यांनी आपल्या जमिनीचा एक तुकडा मुलगा अब्राहम याच्या नावे करून दिला. बाजारभावाच्या मानाने नाममात्र किंमत घेऊन झालेले खत दिसले, की शोधकाने कान टवकारावेत. माणूस शेजाऱ्याला फुकट जमीन देत नाही. मुलाला किंवा जावयाला देतो.

आता मुख्य गाठ. पेनसिल्व्हेनियात बर्क्स भागात १७३६ साली मरण पावलेला एक मॉर्डेकाय लिंकन होता. मॅसॅच्युसेट्समध्ये हिंगहॅम येथे १६८६ साली जन्मलेला, पण पुढे तेथील कागदांतून नाहीसा झालेला असाही एक मॉर्डेकाय लिंकन होता. हे दोघे एकच का? आणि व्हर्जिनियाला गेलेला जॉन त्याचाच मुलगा का? नावे सारखी असणे हा पुरावा नव्हे. लिंकन यांनाही १८५९ साली तेवढेच दिसले होते.

पेनसिल्व्हेनियातील मॉर्डेकायच्या मृत्युपत्रात एक वाक्य सापडले: मुलगा जॉन याला जर्सीतील तीनशे एकर जमीन. मृत्युपत्राचे वर्ष १७३५-३६ असे जोडीने लिहितात, कारण इंग्रजी राज्यात १७५२ पूर्वी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि फेब्रुवारी महिना जुन्याच वर्षात मोजला जाई. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माणसाची जमीन न्यू जर्सीत कशी? अर्थात तो आधी तेथे राहत असला पाहिजे. न्यू जर्सीची दप्तरे पाहिली, तेव्हा मॉर्डेकाय लिंकन तेथे जमिनी घेताना दिसला. त्याच्या लहानग्या मुलीचा १७२० सालचा थडग्याचा दगडही तेथे आहे. आणि १७४८ साली पेनसिल्व्हेनियातील जॉन लिंकन याने, मॉर्डेकायचा मुलगा व वारस या नात्याने, न्यू जर्सीतील तीनशे एकर विकल्याचे खत मिळाले. मृत्युपत्रातील तीनशे एकर आणि खतातील तीनशे एकर जुळले. खातेवहीतील नावे बाजू आणि जमा बाजू जुळावी तसे हे झाले. बाप-मुलगा ही रेघ आता व्हाउचरसह सिद्ध झाली.

मॅसॅच्युसेट्सच्या बाजूने धंद्याने साक्ष दिली. तेथील थोरला मॉर्डेकाय लोखंडाच्या भट्टीचा मालक होता, आणि त्याच्या मृत्युपत्रात मॉर्डेकाय व अब्राहम या मुलांचा उल्लेख आहे. इकडे न्यू जर्सीत आणि पेनसिल्व्हेनियात मॉर्डेकाय व अब्राहम हे दोघे लिंकन लोहारकाम करताना आढळतात. मॉर्डेकायची तर पेनसिल्व्हेनियातील लोखंडाच्या कारखान्यात एकतृतीयांश भागी होती आणि ती त्याने १७२५ साली विकली. थोरल्या मॉर्डेकायचा बाप सॅम्युएल लिंकन. तो इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातून १६३७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये उतरलेला विणकर. सॅम्युएल, मॉर्डेकाय, मॉर्डेकाय, जॉन, अब्राहम, थॉमस आणि राष्ट्राध्यक्ष अब्राहम अशा सात पिढ्या झाल्या. ही माहिती लिंकन यांच्या हयातीत याच दप्तरांत पडून होती. ती निरनिराळ्या वसाहतींच्या कचेऱ्यांत विखुरलेली असल्यामुळे एकत्र आली नव्हती.

कागद चुकीच्या जागी शोधला तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरणही याच घराण्यात आहे. थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांच्या लग्नाची नोंद बराच काळ मिळत नव्हती. शोधणारे हार्डिन काउंटीत शोधत होते, कारण ते दोघे तेथे राहत. नोंद नाही याचा अर्थ लग्नच झाले नाही, असा लावून विरोधकांनी त्या गरीब बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. १८७८ साली शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या कचेरीत जून १८०६ चे ते कागद सापडले. लग्न वधूच्या बाजूकडे लागते, एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती! तोपर्यंत मुलाला जाऊन तेरा वर्षे झाली होती आणि आईला जाऊन साठ. कागद न सापडणे आणि घटना न घडणे यांत किती अंतर आहे, हे प्रत्येक संशोधकाने यावरून शिकावे.

या दप्तरांची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख एकतर्फी होईल. जमिनीचे दप्तर जमीनवाल्यांना ओळखते. बाई त्यात येते ती बहुधा नवरा जमीन विकताना तिचा हक्क सोडवून घ्यायचा म्हणून. अब्राहम आजोबांची पत्नी बाथशिबा हिचे नाव अशाच कागदाने टिकले. गुलाम माणसे कर-यादीत आहेत, पण घोड्यांच्या शेजारच्या रकान्यात, नुसत्या आकड्याने. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे जनगणनेत प्रथम आली ती १८७० साली. आणि ज्या केंटकीचे चारशे एकर १६० पौंडांना विकले गेले, ती शॉनी व इतर जमातींची शिकारीची भूमी होती. त्यांची मालकी या वह्यांच्या पहिल्या पानाच्याही आधीची असल्यामुळे ती कोणत्याच रकान्यात बसली नाही. आजोबा ज्या लढ्यात मारले गेले, तो या न लिहिलेल्या हक्काचाच लढा होता. तेव्हा दप्तर वाचताना त्यात कोण आहे हे जसे पाहावे, तसे कोण नाही हेही पाहावे.

आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्यांना ही पद्धत विशेष उपयोगी आहे असे मला वाटते. आपल्या भागातील पुष्कळ जुने कागद मोडीत आहेत, मधल्या काळातील मराठीत आणि अलीकडचे उतारे कन्नडमध्ये. मराठी घरात ज्याला सातबारा म्हणतात, त्याच कामाच्या कागदाला शेजारचा कन्नड मित्र पहाणी म्हणतो. लिंकनचा लिंकहॉर्न झाला, तसे आपल्या आडनावांचेही तीन लिप्यांतून फिरताना काय काय झाले असेल! परंतु दोन्ही भाषा वाचता येणाऱ्याला ती तिन्ही दप्तरे एकाच शेताची आहेत हे ओळखता येईल. फेरफाराची नोंद, वारसांची नावे, बांधाचे शेजारी, साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठे हे सारे आपल्याकडेही आहे. सुरुवात स्वतःपासून करावी, एकेक पिढी मागे जावे आणि प्रत्येक रेघेला कागद मागावा. कागद मिळाला नाही तर जागा कोरी सोडावी. कोरी जागा पुढे कोणी तरी भरू शकतो. कल्पनेने भरलेली जागा मात्र पुन्हा कोणी तपासत नाही.